भिंत सरकतेय का? उपग्रह रडारविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या मातीचा किंवा डोंगराचा भार पेलून धरणाऱ्या भिंतीला आपण रिटेनिंग वॉल किंवा संरक्षक भिंत म्हणतो. अशा भिंतीच्या हालचालीवर उपग्रहातल्या रडारने नजर ठेवता येते का, याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

उपग्रह जवळजवळ सातशे किलोमीटरवर. तिथून भिंत दोन मिलिमीटर सरकल्याचं कळतं, हे पटत नाही. त्याच्या चित्रात तर अख्खी भिंतसुद्धा ओळखू येत नाही. (विज्ञान शिक्षक, सातारा)

शंका रास्त आहे. चित्राचा बारकावा वेगळा आणि अंतराच्या मोजणीचा बारकावा वेगळा. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-1 हा उपग्रह 693 किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याच्या नेहमीच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण 5 मीटर बाय 20 मीटर एवढा असतो. त्या ठिपक्यात भिंत, कठडा, गटार, झुडपं असं सगळं एकत्र येतं. पण रडार प्रत्येक ठिपक्याच्या दोन गोष्टी नोंदवतं. एक, परतलेल्या लहरीचा जोर. दुसरी, ती लहर आपल्या चक्राच्या कोणत्या टप्प्यावर परतली ते. या टप्प्याला फेज म्हणतात.

सेंटिनेलच्या लहरीची लांबी 5.55 सें.मी. आहे. लहर जाऊन परत येते, म्हणून वस्तू 2.77 सें.मी. दूर गेली की फेजचं 360 अंशांचं एक चक्र पुरं होतं. म्हणजे 1 मि.मी. हालचालीला सुमारे 13 अंश. उपग्रह 12 दिवसांनी जवळपास त्याच वाटेने परत येतो आणि पुन्हा फेज मोजतो. दोन्हींची वजाबाकी म्हणजे इंटरफेरोग्राम.

एका वजाबाकीवर मात्र विसंबू नये, कारण वाटेतल्या हवेतलं बाष्पही लहरीला उशीर लावतं. म्हणून पन्नास-शंभर प्रतिमा घेतात, आणि त्या सगळ्यांत एकसारखी दाद देणारे ठिपके निवडतात: काँक्रीटचे कोपरे, लोखंडी कठडे, उघडा खडक, छपरं. मिलान पॉलिटेक्निकमधल्या फेरेटी, प्राती आणि रोक्का यांनी ही पद्धत 2000 च्या सुमारास मांडली. तिला पर्सिस्टंट स्कॅटरर, थोडक्यात पी.एस., म्हणतात.

आमच्या घाटात रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला 120 मीटर लांब, 7 मीटर उंच भिंत आहे. तोंड पश्चिमेला. फुकट मिळणाऱ्या डेटावर तिचं काम होईल का? कुठून सुरुवात करू? (रस्त्याच्या कामावरचा अभियंता, रत्नागिरी जिल्हा)

होईल, आणि तुमच्या भिंतीची दिशा नशिबाने चांगली आहे. डेटा उतरवण्याआधी कागदावर एक गणित करा.

रडारला फक्त स्वतःकडे येणारी किंवा स्वतःपासून दूर जाणारी हालचाल कळते. सेंटिनेल जमिनीकडे तिरपा बघतो. उभ्या रेषेपासूनचा हा कोन 29 ते 46 अंशांच्या दरम्यान असतो. आपण 39 धरू. संध्याकाळी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना तो पूर्वेकडे बघतो, सकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पश्चिमेकडे. भिंत दरीकडे, म्हणजे पश्चिमेला, 10 मि.मी. कलली तर रडारला त्यातले सुमारे 6 मि.मी. दिसतील. भिंत 10 मि.मी. खचली तर जवळजवळ 8 दिसतील. पण हीच भिंत दक्षिणेकडे तोंड करून असती आणि 10 मि.मी. पुढे आली असती, तर रडारला जेमतेम सव्वा मिलिमीटर दिसला असता, आणि तेवढा गोंगाटात बुडून जातो. उत्तर-दक्षिण सरकणाऱ्या भिंतींसाठी या उपग्रहावर भिस्त ठेवू नका.

आता कोणती फेरी घ्यायची ते. संध्याकाळच्या फेरीत उपग्रह पश्चिमेला असतो, म्हणून भिंतीचं तोंड त्याला समोरून दिसतं. भिंत आणि पायथ्याची जमीन मिळून काटकोन करतात आणि त्यातून लहर जोरात परतते. चित्रात भिंतीची चकचकीत रेघ उमटते ती याच पायथ्याची. अडचण उताराची. उपग्रहाकडे तोंड केलेला उतार 39 अंशांपेक्षा उभा असला की माथा आणि पायथा चित्रात एकमेकांवर चढतात. याला लेओव्हर म्हणतात, आणि सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला ते पावलोपावली भेटतं. सकाळच्या फेरीत उपग्रह पूर्वेला असतो. तेव्हा भिंतीचं तोंड सावलीत जातं, पण वरचा रस्ता, कठडा आणि साइडपट्टी मोकळी दिसू शकते, अर्थात रस्त्यावरचा डोंगर आड येत नसेल तर. भिंत कलते तेव्हा कठडाही तिच्याबरोबर जातो, त्यामुळे ही फेरीसुद्धा उपयोगी आहे. तुमच्या भागाच्या दोन्ही फेऱ्या नियमित उपलब्ध आहेत का, हे कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाच्या संग्रहात आधी पाहून घ्या. दोन्ही असतील तर दोन्ही करा: दोन दिशांच्या मोजणीतूनच खचणं आणि पुढे सरकणं वेगळं काढता येतं.

डेटा घेताना नवखे लोक हमखास जीआरडी प्रकारची फाइल उतरवतात. तिच्यात फेज नसते, सगळी मेहनत वाया जाते. फेज जपणारा एसएलसी प्रकारच घ्या, व्हीव्ही ध्रुवण (लहर उभी पाठवून उभीच टिपलेली), नेहमी एकाच ट्रॅकवरचा, म्हणजे उपग्रहाच्या एकाच वाटेवरचा. किमान 20 ते 25 प्रतिमा लागतात. दोन पावसाळे आत येतील अशा 50 ते 60 घेतल्या तर निकालाला वजन येतं. एक फाइल चार ते आठ जीबीची असते, प्रक्रियेत तिची पिल्लं होतात, म्हणून किमान दोन टीबी जागा मोकळी ठेवा.

स्नॅप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आधी आपल्या भागाची पट्टी कापून घ्यायची, मग कक्षेची अचूक फाइल लावायची. ही फाइल प्रतिमेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी येते, म्हणून कालच्या प्रतिमेवर अंतिम निकाल काढू नये. त्यानंतर सगळ्या प्रतिमा एका मुख्य प्रतिमेवर बसवायच्या, पट्ट्या जोडायच्या, इंटरफेरोग्राम काढायचा आणि उंचीच्या नकाशावरून डोंगराचा वाटा वजा करायचा. मुख्य प्रतिमा मध्यावरची आणि कोरड्या ऋतूतली निवडा. जुलैमधली निवडलीत तर तिच्यातलं बाष्प प्रत्येक वजाबाकीत घुसेल. पुढचं ठिपके निवडण्याचं आणि कालक्रम काढण्याचं काम स्टॅम्प्स हे दुसरं सॉफ्टवेअर करतं. तिथे जोराच्या चढउताराची मर्यादा साधारण 0.4 ठेवून सुरुवात करतात.

120 मीटरच्या उत्तर-दक्षिण भिंतीवर सहा ते आठ चांगले ठिपके मिळाले तर समाधान माना. ते हातात आल्यावर जागेवर जा. सेंटिनेलच्या कक्षा एकमेकींच्या फार जवळून जातात, त्यामुळे ठिपक्याची उंची काही मीटरनी चुकू शकते. जो ठिपका भिंतीचा समजताय तो शेजारच्या टपरीचा पत्रा किंवा विजेचा खांबही असू शकतो. ठिपक्यांची यादी छापून घ्या आणि प्रत्येकासमोर तिथे काय आहे ते लिहा. हे काम संगणकावर होत नाही.

आमच्या आलेखात जून ते सप्टेंबरमध्ये सगळे ठिपके 8 ते 10 मि.मी. वर गेलेत आणि दिवाळीनंतर खाली आलेत. भिंत वर कशी जाईल? (पदव्युत्तर विद्यार्थी, पुणे)

सगळेच ठिपके एकदम हलले असतील तर आधी संदर्भ-बिंदूवर संशय घ्या. पी.एस. मोजणी नेहमी एखाद्या स्थिर मानलेल्या बिंदूच्या तुलनेत असते. तुमचा बिंदू काळ्या मातीवरच्या घरावर असेल, तर उन्हाळ्यात ती माती आकसते, पावसात फुगते आणि घराला वरखाली करते. त्या हालचालीची उलटी सावली साऱ्या भिंतीवर पडते. संदर्भ नेहमी खडकावर घ्या. देशावर उघडा बेसाल्ट, कोकणात जांभ्याचा सडा किंवा त्यावरची जुनी पक्की इमारत. भरावावर घेऊ नका.

दुसरा संशय हवेवर. पायथ्याचं गाव 100 मीटरवर आणि भिंत 600 मीटरवर असेल, तर मधल्या 500 मीटर हवेचा थर फक्त एकाच्या वाटेत येतो. पावसाळ्यात हा थर बाष्पाने भरलेला असतो. संदर्भ भिंतीपासून किलोमीटरच्या आत आणि उंचीत पन्नासेक मीटरच्या फरकात घेतला की यातलं बहुतेक आपोआप कटतं. खरोखर वर जाणारी भिंत आणि हवेचा खेळ यांत फरक करायची सोपी खूण अशी: ठिपक्यांची उंची आडव्या अक्षावर आणि हालचाल उभ्या अक्षावर मांडा. सरळ तिरकी रेघ आली तर ती हवा आहे.

तापमानाचाही वाटा असतो, पण छोटा. 8 मीटर उंचीचं काँक्रीट 20 अंशांच्या फरकाने सुमारे 1.6 मि.मी. वाढतं. 8-10 मि.मी.चं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

भिंत कोसळण्याआधी रडार इशारा देईल का? (तीन वाचक: महाड, ठाणे, पणजी)

या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत देण्यात लोकांच्या जिवाला धोका आहे. काही महिने किंवा वर्षं सावकाश कलत चाललेली भिंत रडार दाखवेल. एका रात्रीत पडणारी भिंत दाखवणार नाही.

पहिलं कारण उघड आहे: उपग्रह 12 दिवसांनी येतो. दुसरं कारण जास्त घातक आहे, कारण ते आलेखात लपून राहतं. फेज चक्राकार असते. दोन फेऱ्यांच्या मध्ये शेजारच्या ठिपक्याच्या तुलनेत 1.4 सें.मी.पेक्षा जास्त हालचाल झाली, तर किती चक्रं गेली हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. समजा जुलैच्या एका आठवड्यात भिंतीचा तुकडा रडारच्या दिशेने 3 सें.मी. सरकला. त्यातलं 2.77 सें.मी.चं पूर्ण चक्र गिळलं जाईल आणि आलेखात उरेल सव्वादोन मिलिमीटर. भिंत सर्वात जास्त हलली तोच आठवडा कागदावर शांत दिसेल. म्हणून पावसाळ्यात एखादा चांगला ठिपका अचानक बिघडला, त्याची सुसंगती (फेरीगणिक एकसारखी दाद) घसरली किंवा तो यादीतून गळला, तर गोंगाट म्हणून तो पुसून टाकू नका. माणूस पाठवा.

तिसरं कारण भिंतीच्या जातीत आहे. गॅबियन, म्हणजे जाळीत दगड भरून रचलेली भिंत, वाकते, फुगते, वेळ देते. जुनी दगडी भिंत फारसा इशारा न देता फुटते. हाँगकाँगमध्ये 23 जुलै 1994 ला क्वुन लुंग लाउ वसाहतीजवळची जुनी दगडी भिंत कोसळून पाच माणसं गेली. चौकशीत जमिनीखालच्या नाल्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांमधून झिरपणारं पाणी हे मुख्य कारण निघालं. भिंतीमागे साठलेलं पाणी कोणत्याही रडारला दिसत नाही.

एखादी भिंत हलतेय हे कळलेलं आहे आणि खाली वाहतूक चालू ठेवायची आहे, अशा वेळी समोर जमिनीवर ठेवायचं रडार वापरतात. ते काही मिनिटांनी एकदा मोजतं आणि त्याला इशाऱ्याची पातळी लावता येते. उपग्रहाचं खरं काम त्याच्या अलीकडचं आहे: घाटातल्या साठ भिंतींपैकी कोणत्या चार भिंतींकडे मे महिन्यात आधी जायचं, हे ठरवणं.

आमच्या सोसायटीच्या मागे 4 मीटर उंच, 20 मीटर लांब भिंत आहे. वर झाडी. भेगा दिसतात. कमिटीत कुणीतरी उपग्रहाची सेवा घ्या असं सुचवलंय. घ्यावी का? (सोसायटी सचिव, पुणे)

नको. 20 मीटरची भिंत म्हणजे सेंटिनेलचा एखाद-दुसरा ठिपका, तोही झाडीने झाकलेला आणि इमारतीच्या सावलीतला. जर्मनीच्या टेरासार-एक्ससारख्या उपग्रहांच्या एका मीटरच्या विकत घेतलेल्या प्रतिमांतही पानांआडची भिंत दिसत नाही. तो पैसा स्थापत्य अभियंत्याच्या तपासणीवर आणि पाण्याच्या निचऱ्यावर घाला.

का ते आकड्यात बघा. तुमच्या भिंतीमागची माती कोरडी असताना भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण 5 टन आडवा दाब असतो. निचरा तुंबून पाणी माथ्यापर्यंत चढलं की तोच दाब 10 टनांच्या वर जातो. माती तीच, भिंत तीच, भार दुप्पट. भिंतीला जी भोकं ठेवलेली असतात, ज्यांना साइटवर वीप होल म्हणतात, ती 75 ते 100 मि.मी. व्यासाची आणि दीड-एक मीटर अंतरावर असतात. मोठ्या पावसात त्यांतून पाणी येत नसेल तर बिनधास्त होऊ नका. भोक बुजलं असण्याची शक्यता जास्त. आत सळई घालून बघा. माती मिसळलेलं गढूळ पाणी येत असेल तर मागची खडी-गोट्यांची गाळणी फसली आहे आणि भिंतीमागे पोकळी होत आहे.

हालचाल मोजायला ओळंबा पुरतो. माथ्यावर पक्का खिळा मारा, ओळंबा सोडा, आणि दोरी ते भिंत हे अंतर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा. जागा रंगाने खुणा करून ठेवा. दर रविवारी सकाळी, त्याच माणसाने, त्याच पट्टीने मोजायचं. मधलं माप वर-खालच्यापेक्षा घटत चाललं तर भिंत पोटाला फुगतेय. वरचा खिळा पुढे येऊन खालचं माप वाढत असेल तर भिंत कलतेय. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवून व्हर्नियरने अंतर घ्या, 0.1 मि.मी.पर्यंत कळतं. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिली तर वॉचमनलाही समजतं: काच तडकली म्हणजे भेग हलली. पावसाळ्यात ही मापं आठवड्यागणिक वाढू लागली तर पुढच्या रविवारची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी अभियंत्याला बोलवायचं.

आणि एक गोष्ट आजच करा. भिंतीलगत कामगारांच्या झोपड्या, वॉचमनची खोली किंवा पार्किंग असेल तर हलवा. भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरात रात्री कुणी झोपता कामा नये. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या झोपड्यांवर पडून 15 जण गेले. तीनच दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर आली आणि तीसहून अधिक माणसं दगावली. दोन्हीकडे माणसं भिंतीच्या अगदी पायथ्याशी झोपलेली होती.

मी जर्मनीत राहते. घरामागे द्राक्षमळ्याच्या पायऱ्यांच्या भिंती आहेत. इथे मोजण्या तयार मिळतात असं ऐकलं. (वाचक, श्टुटगार्ट)

हो. युरोपीय ग्राउंड मोशन सर्व्हिस 2022 पासून फुकट आहे, ब्राउझरमध्ये नकाशा उघडायचा आणि ठिपक्यावर टिचकी मारायची. ऑर्थो नावाचा स्तर मात्र 100 मीटरच्या चौकोनांची सरासरी असतो, भिंतीसाठी कामाचा नाही. बेसिक किंवा कॅलिब्रेटेड स्तर उघडा, तिथे मूळ ठिपके दिसतात.

झाडीमुळे आमच्या भिंतीवर एकही ठिपका मिळाला नाही. धातूचा परावर्तक लावला तर? आणि निसार आल्याने हा प्रश्न सुटला ना? (दुसरा प्रश्न विचारणारे रत्नागिरीचेच अभियंता, आणि इतर दोघे)

परावर्तक लावता येतो. खोलीचा कोपरा कापून आणल्यासारखे, एकमेकांशी काटकोनात बसवलेले तीन त्रिकोणी पत्रे. काटकोनात एखाद्या अंशाचीच चूक चालते. आतला काठ 70 सें.मी. ठेवला तर 3 मि.मी. अॅल्युमिनियमचं वजन 6 किलो भरतं, 1 मीटर ठेवला तर 12 किलो. मात्र परावर्तन काठाच्या चौथ्या घातात वाढतं, म्हणजे 1 मीटरचा परावर्तक 70 सें.मी.च्या चौपट उजळ. घाटातल्या भिंतीला 1 मीटरचाच घ्या. अॅल्युमिनियम चोरीला जातं, म्हणून 6 ते 8 मि.मी. भोकांचा जस्त चढवलेला लोखंडी पत्रा वापरा. एवढी भोकं 5.55 सें.मी.च्या लहरीला दिसतच नाहीत, आणि वारा व पाणी त्यातून निघून जातं.

बसवणी अशी. संध्याकाळच्या फेरीसाठी तोंड 258 अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला. होकायंत्र लोखंडी कठड्यापासून चार मीटर लांब धरूनच दिशा घ्या, नाहीतर सुई खोटं बोलते. बैठकीचा पत्रा सपाट ठेवायचा नाही. 39 अंशांच्या कोनासाठी त्याची पुढची कड सुमारे 16 अंश उचलावी लागते. कड उचलली की पाणी, पालापाचोळा आणि माती आतल्या कोपऱ्यात साठते. तिथे 20 मि.मी.चं भोक हवंच, आणि पावसाळ्यात दर फेरीआधी कुणीतरी तो कोपरा झाडायला हवा. साठलेल्या पाण्याने परावर्तक मंदावतो, आलेखात उडी दिसते आणि भिंत हलल्याचा भास होतो. परावर्तक भिंतीच्या काँक्रीटमध्येच अँकर करा, कठड्यावर लावू नका: ट्रकचा धक्का बसलेला कठडा भिंतीविषयी काहीच सांगत नाही. दुसरा तसाच परावर्तक जवळच्या खडकावर लावलात तर संदर्भाचाही प्रश्न मिटतो.

निसार, इस्रो आणि नासाचा उपग्रह, 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या एल-बँडची लहर 24 सें.मी.ची आहे, त्यामुळे पानांतून बरीच आत शिरते, आणि चक्र 12 सें.मी.चं असल्यामुळे 3 सें.मी.ची घसरण तो गिळत नाही. घाटांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण 1 मि.मी.ला त्याच्याकडे 3 अंशच येतात, आणि आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, त्रास एल-बँडला जास्त होतो. शिवाय निसार डावीकडे बघतो, सेंटिनेल उजवीकडे. पश्चिमेकडच्या भिंतीला निसारची सकाळची फेरी समोरून पाहते, 282 अंशांवरून. परावर्तकाचं तोंड बरोबर पश्चिमेला, 270 वर ठेवलं तर दोघांकडूनही 12 अंशच चुकतं आणि तेवढं नुकसान सोसण्यासारखं आहे. आकाराचं मात्र तसं नाही. तोच 1 मीटरचा परावर्तक निसारला सेंटिनेलच्या एकोणिसाव्या भागाइतकाच उजळ दिसतो. दोन्ही उपग्रहांसाठी लावायचा असेल तर काठ दीड ते दोन मीटरचा लागेल, आणि तेवढा पत्रा जुलैच्या वाऱ्यात टिकवायला चार नाही, आठ अँकर लागतील.